अमोनिया सेन्सर: पेपरपासून कोल्ड स्टोरेजच्या भिंतीपर्यंत

"सर, आमच्या सेन्सरचा रिस्पॉन्स ९२ टक्के आलाय, आता कुठली कंपनी गाठू?" असा फोन मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. पलीकडची मुलं मेहनती असतात, मटेरियल चांगलं असतं, पेपरही छापून आलेला असतो. अडतं ते क्रमावर. आधी मटेरियल, मग पेपर, मग उपयोगाचा शोध आणि सगळ्यात शेवटी पेटंटची आठवण. या उलट्या क्रमात गेलेली दोन-तीन वर्षं परत मिळत नाहीत, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

उदाहरण एकच धरतो: टिन ऑक्साइडच्या नॅनोकणांचा अमोनिया सेन्सर. हीटरने तापवलेल्या या थराला वायू लागला की त्याचा विद्युत रोध बदलतो; तो बदल म्हणजेच रिस्पॉन्स किंवा प्रतिसाद. जागा नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजची, जिथे थंडाव्यासाठी अमोनिया फिरतो आणि गळतीची भीती कायम असते. तुमचा वायू किंवा मटेरियल वेगळं असेल तर आकडे बदलतील, क्रम नाही.

टप्पा १: आधी भिंत पाहून या

सेन्सर ज्या भिंतीवर लागणार, तिथे एक पूर्ण दिवस आणि जमल्यास एक रात्र काढा. मटेरियलची बाटली उघडायच्या आधी. सोबत तापमान आणि आर्द्रता नोंदवणारं छोटं लॉगर आणि एक वही एवढं पुरे.

कोल्ड स्टोरेजमध्ये काय दिसेल ते सांगतो. द्राक्षांची खोली शून्य अंशाच्या आसपास, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. दार उघडलं की बाहेरची गरम हवा आत येते आणि थंड वस्तूंवर दव धरतं. द्राक्षांच्या पेट्यांत बुरशी रोखणारे ग्रेप गार्डचे कागद असतात, त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. क्रेट धुवायला हायपोक्लोराइट वापरतात, त्याची वाफ वेगळी. लोडिंगच्या दाराशी डिझेलचे ट्रक चालू ठेवून उभे असतात. कॉम्प्रेसर रूममध्ये तेलाचा वाफारा आणि उष्णता. हे सगळं तुमच्या सेन्सरला हुंगावं लागणार आहे. प्रयोगशाळेतल्या चेंबरमध्ये यातलं काहीच नव्हतं.

आणि माणसांशी बोला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा प्लांटचा ऑपरेटर मला सरळ म्हणाला, "साहेब, वास आम्हाला तुमच्या मशीनच्या आधी येतो. आम्ही नसतो तेव्हा काय, ते बोला." त्या एका वाक्यानं आमचं स्पेसिफिकेशन बदललं. आम्ही 'जगातला सर्वात संवेदनशील' सेन्सर बनवत बसलो होतो. त्यांना हवं होतं रात्री दोन वाजता मालकाच्या फोनवर जाणारा, खोटं न बोलणारा इशारा. शिवाय हवेत नेमकं किती आहे हा आकडाही हवा होता, कारण रोज वासात वावरणाऱ्याचं नाक सरावतं आणि त्याला प्रमाण कळत नाही.

परत आलात की एका पानाचं स्पेसिफिकेशन लिहा. अमोनियासाठी आकडे आयते आहेत. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांच्या सरासरीसाठी २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आणि थोड्या वेळासाठी ३५ पीपीएम ही मर्यादा होती. ३०० पीपीएम ही जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी. म्हणजे तुमची कामाची पट्टी शून्य ते १०० पीपीएम, आणि त्यातही २५ ते ३५ च्या दरम्यान सेन्सर चुकता कामा नये. पेपरमध्ये १००० पीपीएमचा सुंदर आलेख असेल तर तो इथे निरुपयोगी. तेवढा वायू हवेत असेल तेव्हा माणूस खोलीबाहेर पळालेला असायला हवा.

तपासा: पानावर या सहा गोष्टींसमोर आकडा आहे का? मोजायची पट्टी, किती सेकंदांत इशारा, तापमानाची पट्टी, आर्द्रतेची पट्टी, किती महिन्यांनी कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या प्रमाणाच्या वायूवर आकडा जुळवून घेणं), आणि ग्राहक जास्तीत जास्त किती पैसे देईल. एकही जागा रिकामी असेल तर पुन्हा प्लांटवर जा.

टप्पा २: पेटंटचा अर्ज, तोंड उघडण्याआधी

भारतात पेपर छापून आला की त्यातला शोध जगजाहीर झाला असं धरतात. काही देशांत स्वतःच्या पेपरनंतरही वर्षभर सवलत मिळते, तशी सरसकट सवलत आपल्याकडे नाही. कायद्यातला अपवाद फार अरुंद आहे, त्यावर भिस्त ठेवू नका.

पेपरचं बहुतेकांना माहीत असतं. फसतात ते पोस्टर, परिषदेतली स्लाइड, खुली व्हायव्हा आणि प्रबंध यांच्यापाशी. पीएचडीचा प्रबंध शोधगंगावर (विद्यापीठांच्या प्रबंधांचं खुलं ऑनलाइन भांडार) चढला की तो कुणीही उघडून वाचू शकतो. एका मुलीचं काम खरोखर नवं होतं, पण अर्ज लिहायला बसलो तेव्हा तिचा प्रबंध चार महिन्यांपूर्वीच चढलेला निघाला. तिथे काहीच करता आलं नाही.

क्रम असा ठेवा:

१. विभागाबाहेर काहीही दाखवण्याआधी प्रोव्हिजनल अर्ज, म्हणजे तारीख राखून ठेवणारा तात्पुरता पेटंट अर्ज. शैक्षणिक संस्थांना फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे पैशाची सबब उरत नाही.
२. त्यानंतर १२ महिन्यांच्या आत पूर्ण अर्ज. पुढचे सगळे खरे प्रयोग याच १२ महिन्यांत बसवायचे.
३. परदेशात अर्ज करायचा असेल तर आधी भारतात करून सहा आठवडे थांबा, किंवा परवानगी घ्या.
४. तपासणीची विनंती वेगळी करावी लागते. २०२४ च्या नियमांनुसार तिची मुदत ३१ महिने आहे. अर्ज भरला म्हणजे काम संपलं असं समजून बसलेले खूप जण पाहिलेत.

दावा कशावर करायचा, याचा विचार वकिलाकडे जाण्याआधी स्वतः करा. ओळखीच्या पदार्थाचा नवा गुणधर्म सापडला, एवढ्यावर आपल्या कायद्यात पेटंट मिळत नाही. 'टिन ऑक्साइड अमोनियाला प्रतिसाद देतं' हा दावा टिकणार नाही. बनवण्याची नेमकी पद्धत, थरांची रचना, हीटर चालवायची रीत, आर्द्रतेचा परिणाम वजा करणारं उपकरण, यांत खरा जीव असतो.

सावधान: मालकी कुणाची, हे कागदावर आणा. विद्यार्थी, मार्गदर्शक, विद्यापीठ आणि पैसे देणारी संस्था, असे चार हात त्यात असतात. कंपनी पहिल्या बैठकीत हाच प्रश्न विचारते आणि उत्तर डळमळीत असेल तर दुसरी बैठक होत नाही.

टप्पा ३: मोजमाप पुन्हा करा

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त सेन्सर इथेच गळतात. गळणारे इथेच गळू द्या.

*वायू कसा देता ते आधी बघा.* आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळांत बंद चेंबरमध्ये सिरिंजने वायू सोडतात, किंवा लिकर अमोनियाचा (पाण्यात विरघळलेल्या अमोनियाचा) थेंब गरम तव्यावर टाकून त्याची वाफ करतात. दुसऱ्या पद्धतीत एक लपलेली चूक आहे. २५ टक्के लिकर अमोनियात अमोनियाच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे जवळपास तीन रेणू असतात. त्यातून १००० पीपीएम अमोनिया सोडलात, तर २५ अंशाला चेंबरची सापेक्ष आर्द्रताही सुमारे ९ टक्क्यांनी चढते. टिन ऑक्साइड पाण्याच्या वाफेलाही प्रतिसाद देतं. मग तुमच्या ९२ टक्क्यांतला अमोनियाचा वाटा किती आणि पाण्याचा किती?

म्हणून प्रमाणित मिश्रणाचं सिलिंडर, मास फ्लो कंट्रोलर (वायूचा प्रवाह नेमका ठेवणारं यंत्र) आणि वाहता वायू. नळ्या टेफ्लॉनच्या किंवा स्टीलच्या. अमोनिया भिंतींना चिकटतो आणि ओलाव्यात विरघळतो, त्यामुळे कमी पीपीएमला चेंबरमध्ये ठरल्यापेक्षा कमी वायू पोचतो आणि दोष सेन्सरवर जातो. सिलिकॉनची नळी तर अजिबात नको. कारण टप्पा ५ मध्ये येईल.

*आर्द्रता बदलून बघा.* कोरड्या हवेतला आलेख इथे चालत नाही. २०, ५० आणि ९० टक्के आर्द्रतेला, प्रत्येकी १०, २५, ३५ आणि १०० पीपीएमला मोजा. ९० टक्के आर्द्रतेला, अमोनिया अजिबात नसताना जो आकडा येईल तो कोरड्या हवेतल्या २५ पीपीएमसारखा दिसत असेल, तर तुमच्याकडे आर्द्रता मोजायचा सेन्सर आहे. हे आज कळलेलं बरं.

*किमान मर्यादा खरी सांगा.* १० पीपीएमच्या खाली काहीच मोजलं नाही, पण आलेखाचा उतार आणि नॉइज (सिग्नलमधली आपोआपची थरथर) यांवरून गणित मांडून 'मर्यादा ५० पीपीबी' (अब्ज भागांत ५० भाग) लिहायचं, हा रिवाज पडलाय. कंपनीचा इंजिनियर पहिल्याच दिवशी म्हणतो, "बरं, आता ५० पीपीबी देऊन दाखवा." जेवढं प्रत्यक्ष मोजलं तेवढंच लिहा.

*दुसरे वायू.* टप्पा १ च्या वहीत जे जे लिहिलंय ते सगळं: सल्फर डायऑक्साइड, क्लोरीनची वाफ, डिझेलचा धूर, अल्कोहोलचं सॅनिटायझर, तेलाची वाफ. एकेकटं द्या, मग अमोनियासोबत द्या.

*वय होऊ द्या.* नॅनोकणांची खुबी त्यांच्या बारीकपणात आहे. टिन ऑक्साइडच्या कणाच्या पृष्ठभागाजवळ सुमारे ३ नॅनोमीटरच्या थरात इलेक्ट्रॉन कमी असतात. कण ६ नॅनोमीटरच्या आसपास आला की जवळजवळ पूर्ण कणच या थरात जातो आणि प्रतिसाद एकदम वाढतो. पण हाच सेन्सर महिनोन्महिने ३०० अंशावर तापत राहिला की बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. पेपरमधला प्रतिसाद पहिल्या आठवड्यातला असतो, ग्राहक विकत घेतो तो दुसऱ्या वर्षातला. निदान ९० दिवस सलग तापवून, दर आठवड्याला त्याच २५ पीपीएमवर मोजा. घसरण कुठेतरी सपाट होते का, ते पाहा. सपाट होत असेल तर तेवढे दिवस कारखान्यातच तापवून मग विकता येतं. होत नसेल तर मटेरियलकडे परत.

पॉलिअ‍ॅनिलिनवाल्यांनी (म्हणजे वीज वाहणाऱ्या या पॉलिमरचा सेन्सर करणाऱ्यांनी) इथे जास्त सावध राहावं. खोलीच्या तापमानाला चालतं, तापवायला वीज लागत नाही, हे सगळं खरं. पण वायू गेल्यावर सेन्सर किती वेळात पूर्ववत होतो आणि दहाव्यांदा वायू दिल्यावर पहिल्याइतकाच आकडा येतो का, हे दोन आकडे आधी काढा.

तपासा: बाजारातला अमोनियाचा एक इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर (रासायनिक अभिक्रियेतून निघणाऱ्या विजेवरून मोजणारा) आणि एक स्वस्त एमक्यू-१३५ (तयार मिळणारा टिन ऑक्साइडचाच सेन्सर) विकत आणा आणि तुमच्या सेन्सरच्या शेजारी त्याच चेंबरमध्ये लावा. तुमचा सेन्सर निदान एका बाबतीत दोघांपेक्षा सरस ठरला पाहिजे, आणि ती बाब टप्पा १ च्या पानावर असली पाहिजे. इलेक्ट्रोकेमिकल सेलची मर्यादा अशी की सतत थोडा अमोनिया लागत राहिला तर तो खर्ची पडतो आणि बदलावा लागतो. जागा करून घ्यायची असेल तर तिथे आहे. 'आमचं नॅनो आहे' या कारणाने कुणीही एक रुपया जास्त देत नाही.

टप्पा ४: एक नको, शंभर बनवा

पेपर एका उत्तम नमुन्यावर निघतो, कंपनी शंभरच्या सरासरीवर चालते. पाच वेगवेगळ्या दिवशी, शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या माणसांच्या हातून, प्रत्येकी २० सेन्सर बनवा. रसायनांच्या बाटल्यांचा लॉट क्रमांकसुद्धा लिहा.

इथे पद्धत बदलावी लागते. थेंब टाकून वाळवणं शंभराला चालत नाही. अ‍ॅल्युमिनाच्या पट्टीवर इलेक्ट्रोड, त्यावर स्क्रीन प्रिंटिंगने नॅनोकणांची पेस्ट, मग भट्टी, हा मार्ग साधा आणि स्वस्त आहे. पेस्टमध्ये द्रावक म्हणून टर्पिनिऑल आणि घट्टपणासाठी एथिल सेल्युलोज वापरतात. पेस्टचा घट्टपणा रोज मोजा. सकाळी छापलेले आणि दुपारी छापलेले थर जाडीला वेगळे निघतात, कारण तोवर द्रावक उडून पेस्ट दाट झालेली असते. भट्टीत मधल्या आणि कडेच्या पट्ट्यांना एकच उष्णता मिळत नाही, हेही तपासा.

हिशेब असा मांडा. पाच पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर ९० टक्के माल चांगला, म्हणजे शेवटी हातात ५९ टक्के. पायरी कमी करणं हे पायरी सुधारण्यापेक्षा बहुतेकदा स्वस्त पडतं.

कॅलिब्रेशनचा खर्च तर कुणीच धरत नाही. तीन पातळ्या, दोन आर्द्रता, प्रत्येक जोडीला ४० मिनिटं, म्हणजे चार तास. १६ जागांच्या चेंबरमध्ये दिवसाला दोन फेऱ्या धरल्या तर ३२ सेन्सर, आणि हजाराला एक महिन्याहून जास्त. चिपची किंमत काही रुपयांनी कमी करायला झटण्यापेक्षा चेंबर मोठं करा.

टप्पा ५: पेटी, हीटर, सर्किट

आमचं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं. दहा पेट्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये लावल्या. दीड महिना सगळं उत्तम. मग एकेका सेन्सरचा प्रतिसाद मंद होत गेला आणि दोन महिन्यांत सात पेट्या आंधळ्या झाल्या. मटेरियल तपासलं, सर्किट तपासलं, महिनाभर काही सापडेना. शेवटी एक पेटी उघडून नुसती नाकाशी धरली, तर झाकणाच्या कडेला भरलेल्या सिलिकॉन सीलंटचा तो आंबट वास. पाणी आत जाऊ नये म्हणून आम्हीच हौसेनं जाड थर भरला होता. सिलिकॉनमधून सुटणाऱ्या सिलोक्सेनची वाफ गरम टिन ऑक्साइडवर पोचली की तिथे सिलिकाचा पातळ थर जमतो, आणि तो तापवूनही निघत नाही. पेटीत, नळीत, सर्किटवरच्या कोटिंगमध्ये, आसपासच्या स्प्रेमध्ये, सिलिकॉन कुठेही नको. रबरी गॅस्केट वापरा, आणि पुरवठादाराकडून ते कशाचं आहे हे लेखी घ्या.

बाकीचं थोडक्यात. पाण्यासाठी टेफ्लॉनची सच्छिद्र पडदी लावा, पण ती लावल्यावर प्रतिसादाचा वेळ पुन्हा मोजा. दव टाळायला पेटी आजूबाजूपेक्षा थोडी उबदार ठेवा, हीटरची उष्णता त्या कामी येते. हीटरला ठरावीक व्होल्टेज देण्याऐवजी त्याचं तापमान स्थिर ठेवणारं सर्किट घ्या, कारण बाहेर शून्य अंश आणि बाहेर ४० अंश यांत फरक पडतो. वीज किती खायची हे जागेवर ठरतं. एमक्यू-१३५ चा हीटर ५ व्होल्टवर ३३ ओहमचा, म्हणजे सुमारे पाऊण वॅट. मायक्रो-हॉटप्लेट (चिपवरचा सूक्ष्म हीटर) काही दहा मिलीवॅटमध्ये भागवते, पण ती बनवणं महाग. कॉम्प्रेसर रूममध्ये वीज भिंतीवरच आहे. तिथे मायक्रो-हॉटप्लेटच्या मागे लागू नका.

टप्पा ६: फील्ड ट्रायल

निदान दोन प्लांट, प्रत्येकी पाच पेट्या, एक पूर्ण द्राक्षहंगाम आणि त्यानंतरचा पावसाळा. उन्हाळ्यात उत्तम चाललेला सेन्सर जुलैत रडतो, त्यामुळे पावसाळा वगळू नका.

अमोनिया हवेपेक्षा हलका, म्हणून पेटी साधारण वर, छताजवळ. पण द्रव अमोनिया गळला तर थंड, जड धुकं होऊन ते जमिनीलगत पसरतं. द्रवाच्या लाइनजवळ आणि पंपाशी एक पेटी खालीही लावा.

खोट्या इशाऱ्यांचा हिशेब ठेवा. एका पेटीचा महिन्याला एकच खोटा इशारा फार वाटत नाही. दहा पेट्या असतील तर दर तिसऱ्या दिवशी भोंगा वाजतो. पंधरा दिवसांत कुणीतरी त्याची वायर काढून ठेवतो, आणि मग खरी गळती झाली तरी कुणाला कळत नाही. ही जबाबदारी तुमची आहे.

सावधान: ट्रायलच्या काळात तुमची पेटी हा प्लांटचा एकमेव इशारा असता कामा नये. जुना, प्रमाणित डिटेक्टर चालूच ठेवा आणि तसं लेखी करून घ्या.

टप्पा ७: प्रमाणपत्रं

याची चौकशी टप्पा ४ मध्येच सुरू करा, नाहीतर तयार पेटी फोडून पुन्हा बनवावी लागते. विषारी वायूच्या डिटेक्टरसाठी आयईसी ६२९९०-१ हे आंतरराष्ट्रीय मानक, ज्वलनशील वायूसाठी आयईसी ६००७९-२९-१. हवेत १५ टक्क्यांच्या वर अमोनिया पेटू शकतो, त्यामुळे ग्राहक दोन्ही विचारेल. स्फोटाचा धोका ठरवलेल्या जागी लावायचं असेल तर नागपूरच्या पेसोची (स्फोटक सुरक्षेची केंद्रीय संस्था) मंजुरी. इलेक्ट्रॉनिक चाचण्यांसाठी मुंबईला अंधेरीची ईआरटीएल ही सरकारी चाचणी प्रयोगशाळा जवळ पडते. कॅलिब्रेशनचा दाखला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेचा घ्या. आपल्याच विभागाच्या लेटरहेडवरचा दाखला बाहेर कुणी धरत नाही.

टप्पा ८: परवाना द्यायचा की कंपनी काढायची

तुमच्याकडे पेटंट आणि टप्पा ३ चे आकडे आहेत, पण बनवणं आणि विकणं यांत रस नाही, तर आधीच गॅस डिटेक्टर विकणाऱ्या कंपनीला परवाना द्या. सगळ्या उपयोगांचा एकहाती परवाना एकाच कंपनीला देऊ नका. 'कोल्ड स्टोरेजमधल्या अमोनियापुरता' असं बांधून द्या, आणि दोन वर्षांत बाजारात आणलं नाही तर हक्क परत, हे कलम घाला. नाहीतर कंपनी तो कागद कपाटात ठेवून देते.

स्वतः उतरायचं असेल तर केंद्र सरकारच्या निधी-प्रयास योजनेत नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मदत मिळते. ती टप्पा ४ आणि ५ साठी पुरते, टप्पा ६ साठी नाही, हे आधीच धरून चाला. पुण्यातलं व्हेंचर सेंटर किंवा आयआयटी मुंबईचं साइन अशा, नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या ठिकाणी जागेबरोबर कागदपत्रांची मदतही होते. आयआयटी मुंबईतून निघालेल्या नॅनोस्निफ कंपनीचं स्फोटकं हुंगणारं यंत्र २०२१ मध्ये बाजारात आलं, तेव्हा विक्री दुसऱ्या कंपनीने सांभाळली होती. बनवणारा आणि विकणारा वेगळे असले तरी चालतं.

पहिल्या ५० पेट्या विकल्यावर प्रत्येकीचा क्रमांक, तिच्यातल्या सेन्सरची बॅच, कॅलिब्रेशनचा कागद आणि लावल्याची तारीख एका रजिस्टरमध्ये असू द्या. प्रत्येक बॅचमधले तीन सेन्सर विकू नका. ते तुमच्याकडे चालू स्थितीत तापत ठेवा आणि दर महिन्याला २५ पीपीएमवर मोजा. आकडा घसरायला लागला की रजिस्टर उघडा, त्या बॅचच्या प्रत्येक प्लांटला फोन करा आणि बदली सेन्सर घेऊन निघा.